बहिऱ्यांचा वाढता आकडा

भोंगामावशीला हे नाव कारखान्याच्या भोंग्यावरून पडलं, आणि ज्यानं ते ठेवलं त्यानं तिच्यावर काही अन्याय केला नव्हता. मावशी बोलायला लागली की गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. खिडकीतून ती दूधवाल्याला 'आज अर्धाच लिटर' असं सांगायची, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या तिन्ही मजल्यांना कळायचं की मावशीकडचे पाहुणे गेले. तिला स्वतःला मात्र ठाम वाटायचं की आपला आवाज नाजूक आहे. लोक उगाच दचकतात, असं तिचं म्हणणं.

एकतीस वर्षं ती कापडाच्या कारखान्यात मागावर होती. चार माग एकटी सांभाळायची. मागाची शेड ज्यानं आतून पाहिली नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. लाकडाचा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, तिथे धाडकन आपटतो, परत येतो, पुन्हा आपटतो. मिनिटाला दीडशे वेळा. असे दोनशे माग एका पत्र्याच्या छपराखाली. त्या गदारोळात माणसाच्या गळ्याला काडीची किंमत नव्हती, म्हणून शेडमध्ये गळ्यानं कुणी बोलायचंच नाही. बोलायचं ते ओठांनी. एकेक शब्द ओठांवर मोठा करायचा, जबडा सैल सोडायचा, भुवया वरखाली करायच्या, की झालं. या भिंतीजवळची बाई त्या भिंतीजवळच्या बाईला आपल्या सासूचं गाऱ्हाणं अथपासून इतिपर्यंत सांगायची, आणि मध्ये उभ्या असलेल्या नव्या मुकादमाला पत्ताही लागायचा नाही. त्याला वाटायचं, बायका जांभया देतायत.

मावशीचं लग्नसुद्धा असंच ठरलं. माग बिघडला की तो दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. तेव्हाचा तरुण जॉबर एके सकाळी चाळीस माग ओलांडून पलीकडून नुसत्या ओठांनी म्हणाला, "माझ्याशी लग्न करतेस?" मावशीनं तिथूनच ओठांनी उत्तर दिलं, "आधी माझा तिसरा माग नीट करा, तीन दिवस रडतोय. मग बघू." अख्ख्या शेडनं दोघांचे ओठ वाचले होते. दोनशे माग धडधडत होते आणि पन्नास माणसं पोट धरून हसत होती. जॉबरनं दुपारच्या आत माग नीट केला.

या सगळ्यात त्यांचे कान कधी गेले ते कुणालाच कळलं नाही. कळणार तरी कसं? कानांचं काम डोळ्यांनी कधीच उचललं होतं. समोरचा माणूस बोलला की त्याचं बोलणं समजतं, समजतं म्हणजे ऐकू येतं, इतका साधा हिशोब. फोनवर काही कळलं नाही तर लोक हल्ली फोनवर पुटपुटतात. पाठीमागून हाक कळली नाही तर आपलं लक्ष नव्हतं. टीव्हीचा आवाज वाढवावा लागला तर टीव्ही जुना झाला. भोंगामावशी साठीला आली, कारखाना बंद पडून तिथे फर्निचरचं गोदाम झालं, तरी तिला कुणी विचारलं असतं तर तिनं छातीठोकपणे सांगितलं असतं की माझे कान ठणठणीत आहेत.

कामानं ज्यांचे कान गेले त्यांना सरकारकडून दरमहा अपंगत्वाचा भत्ता मिळतो, हे वस्तीत माहीत होतं. कुणीकुणी अर्ज करूनही पाहिला होता. पण भत्ता कार्यालयातलं कान तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलं ते गेलंच, आणि मोठ्या इस्पितळातल्या यंत्रासाठी वर्षभराची रांग. मग तपासणी म्हणजे काय, तर डॉक्टरनं टेबलाच्या पलीकडून दहा प्रश्न विचारायचे, दर प्रश्नाला आवाज खाली आणत. आठ उत्तरं बरोबर आली की कान चांगले. दहावा प्रश्न तर इतका हळू असायचा की तो खुद्द डॉक्टरलाही ऐकू येत नसेल. मागावरची माणसं दहाच्या दहा उत्तरं देऊन, वर डॉक्टरला नमस्कार करून घरी यायची. मग एक कागद यायचा: श्रवण व्यवस्थित, अर्ज नामंजूर. दहा वर्षांत वस्तीतून चारजणांना भत्ता मिळाला, आणि त्या चारांतल्या तिघांना धड दिसतही नव्हतं. यात काहीतरी गोम आहे असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, ना कार्यालयाच्या, ना वस्तीच्या.

मग ते साथीचं वर्ष आलं आणि सगळ्यांच्या तोंडावर पट्टी आली.

पहिल्या आठवड्यात मावशीला वाटलं, वाणी आपल्यावर रुसलाय. ती भाव विचारायची आणि तो नुसता बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी औषधवाला रुसला. तिसऱ्या दिवशी कांडीवालीशीच भांडण झालं. कांडीवाली म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणारी बाई. शेडमध्ये मावशीच्या मागांसमोर सव्वीस वर्षं बसलेली. तिला नवरा नाही, मूल नाही, दोन्ही गुडघे गेलेले, आणि बोलायला गोड. ती त्या सकाळी दारात आली, दोघी तोंडाला पट्टी बांधून चार हातांवर उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. हिचं तिला कळेना, तिचं हिला कळेना. दोघीही चिडल्या. शेवटी कांडीवालीनं वैतागून पट्टी हनुवटीखाली ओढली आणि म्हणाली, "अगं, मी कधीची विचारतेय, तुझ्याकडे डोकेदुखीची गोळी आहे का?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. पट्टी खाली, कळलं. तिनं हातानं खूण केली, "वर कर." पट्टी वर गेली. कांडीवालीचे डोळे हलत होते, गळा हलत होता, आणि मावशीच्या जगात कुठेही काही वाजत नव्हतं.

ती घरात गेली. जॉबर खाटेवर बसून पेपर वाचत होते. तिनं त्यांच्या तोंडावर टॉवेल धरला आणि म्हणाली, "अहो, बोला काहीतरी." मग वाट बघितली. "बोला की!" टॉवेल काढला तेव्हा जॉबरचा चेहरा लालभडक झाला होता. ते तीनदा ओरडले होते. नंतर तिनं टॉवेल स्वतःच्या तोंडावर धरून त्यांना हाका मारल्या, आणि मग जॉबर बराच वेळ पेपरची एकच ओळ वाचत बसले.

त्या दुपारी भोंगामावशी रडली. चांगली हमसून रडली. पाखरं, पाऊस, नातवंडाचं हसणं, सगळं आपल्याला ऐकू येतंय असं ती धरून चालली होती आणि त्यातलं काहीच येत नव्हतं. पण रडणं हा तिचा पिंड नव्हता. संध्याकाळपर्यंत तिला राग आला, आणि तो राग तिला जास्त मानवला. "एकतीस वर्षं त्यांचं कापड विणलं," ती म्हणाली, "कान तिथेच ठेवून आले, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!" हे अर्थात सगळ्या गल्लीला ऐकू जायला हवं होतं, पण गल्लीत ऐकू येणारे होतेच किती?

पुढच्या महिन्यापासून तिनं एकेकाला हाताला धरून कार्यालयात नेलं. कांडीवाली यायला तयार नव्हती. "मला कशाला सरकारचं फुकटचं," म्हणत होती. मावशीनं तिला जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टर तोंडाला पट्टी बांधून बसलेला. त्यानं दहा प्रश्न विचारले आणि वस्तीतल्या माणसांना त्यातला एकही कळला नाही. त्रेसष्ट अर्ज गेले, एकसष्ट मंजूर झाले. कुणी खोटं बोललं नाही, कुणी सोंग आणलं नाही. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचे खरोखरचे कान तपासले होते, तेही चुकून.

चार वर्षं बरी गेली. कांडीवालीचं तर सगळं त्या भत्त्यावर चाललं होतं; खोलीचं भाडं, गुडघ्याची औषधं, दोन वेळचं जेवण. दुसरं काही तिला नव्हतंच. पट्ट्या गेल्या, लोकांची तोंडं पुन्हा दिसू लागली, आणि भत्ता कार्यालयात नवे साहेब आले.

साहेब वाईट नव्हते. नीटनेटके होते. आधीच्या गावात त्यांनी भत्ता घेणाऱ्यांचा आकडा निम्म्यावर आणला होता आणि त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली होती. त्यांनी आल्याआल्या आपल्या खोलीत एक मोठा आलेख लावला. त्यावर आमच्या या वस्तीची लाल रेघ दहा वर्षं जमिनीला चिकटून चालली होती आणि मग एका वर्षात शिडी लावल्यासारखी सरळ वर गेली होती. साहेब येईल त्याला ती रेघ दाखवायचे. "दहा वर्षांत चार," म्हणायचे, "आणि एका वर्षात एकसष्ट. माणसाचे कान काय एका वर्षात जातात?" प्रश्न बरोबर होता, हे मान्य करायला हवं. फक्त तो त्यांनी भिंतीला विचारला, वस्तीत येऊन कुणाला विचारला नाही.

फेरतपासणीचं पहिलं पत्र कांडीवालीला आलं. ती कुणाला न सांगता, काठी टेकत, एकटीच जाऊन आली. नवी डॉक्टर तरुण होती, मायाळू होती, चेहरा मोकळा. तिनं समोर बसवून नाव विचारलं, वय विचारलं, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. कांडीवालीनं दहाही उत्तरं दिली. वर म्हणाली, "तुम्ही किती स्पष्ट बोलता हो डॉक्टरबाई." आठवड्यानं कागद आला. श्रवण व्यवस्थित, भत्ता पुढच्या महिन्यापासून बंद. आणि खाली एक ओळ: पूर्वी खोटी माहिती दिल्याचा संशय.

कांडीवाली तो कागद घेऊन मावशीकडे आली आणि खुर्चीत मटकन बसली. भत्ता गेला हे तिनं नंतर सांगितलं. आधी बोट त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं. "मी खोटं बोलले म्हणतायत," ती म्हणाली. "कधी गं? मी कधी खोटं बोलले?"

मावशीला आठवलं, हिला ओढत नेलं होतं ते आपण. ही बिचारी नको म्हणत होती. आता भाड्याला पैसे नाहीत ते नाहीत, वर कपाळावर खोटेपणाचा शिक्का. पुढच्या महिन्याला तीन आठवडे होते. मावशीनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि आपल्या ब्लाऊजमध्ये खोचला. "हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "मीच परत करीन त्यांना."

उरलेल्या साठजणांना मंगळवारची तारीख आली होती. आदल्या संध्याकाळी मावशीच्या खोलीत मावतील तेवढी माणसं जमली, बाकीची जिन्यावर. जॉबरांनी उपाय काढून ठेवला होता.

"सोपं आहे," ते म्हणाले. "बहिऱ्यासारखं बसायचं. काही विचारलं की असं करायचं." त्यांनी तोंड वासलं, कानामागे पंजा धरला आणि म्हणाले, "आँ?" चांगलंच जमलं होतं त्यांना. लोक हसले.

"अहो, ते नाटक ठेवा बाजूला," मावशी म्हणाली.

"अगं, नाटक कसलं? आपण बहिरेच आहोत."

"तेच म्हणते मी. बहिरी आहे, तर बहिऱ्याचं सोंग कशाला आणू? समोरच्याचं बोलणं मला डोळ्यांनी कळतं, ते कळत नाही असं का सांगू? ही विद्या मी शेडमध्ये शिकले. कुणाच्या बापाची चोरी केलेली नाही."

"मग काय करणारेस? त्या साहेबापुढे खरं बोलणार?" जॉबर म्हणाले. "कांडीवाली खरंच बोलली होती. तिला काय मिळालं?"

कांडीवाली कोपऱ्यातून म्हणाली, "मला सोंग जमलंही नसतं हो. तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं. कुणी प्रेमानं विचारलं की सांगावंसं वाटतंच ना?"

शेवटी ज्याला सोंग आणायचंय त्यानं आणावं, असं म्हणून जॉबर बाजूला झाले, आणि मावशी म्हणाली, "आधी मी आत जाते. माझं बघा, मग तुमचं ठरवा."

कार्यालयाचा हॉल लांबट होता. भिंतीला टेकून बाकं, मध्ये डॉक्टरचं टेबल, एका कोपऱ्यात साहेबांची काचेची खोली. काच छतापर्यंत. काचेला लागून बाहेरच्या बाजूला एक तरुण कारकून बसलेला. साठ माणसं बाकांवर बसली. कांडीवालीलाही मावशीनं आणलं होतं, तिला पत्र नव्हतं तरी. साहेब स्वतः डॉक्टरशेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

मावशी टेबलापुढे बसली आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, प्रश्न विचारायच्या आधी एक करा. तोंडापुढे कागद धरा."

कारकुनाच्या हातातला शिक्का खाली पडला, एवढ्या आवाजात.

"कशाला?" साहेबांनी विचारलं.

"मी ओठ वाचते म्हणून. आम्ही सगळेच वाचतो. मागावर राहून शिकलो. तोंड दिसलं की आम्हाला सगळं कळतं, तोंड झाकलं की काही नाही. साथीच्या वर्षी तुमच्या डॉक्टरच्या तोंडावर पट्टी होती, म्हणून आमचा बहिरेपणा सापडला. तुमची ती लाल रेघ त्याच वर्षी वर गेलीय ना? मग बघा की पडताळून."

तिनं सगळं सांगून टाकलं होतं. एवढं सरळ उत्तर त्या आलेखाला आजवर कुणी दिलं नव्हतं. पण साहेबांनी नियमांची वही उघडली. "प्रश्न समोरासमोर बसून, स्पष्ट आवाजात विचारावेत, असं लिहिलंय. कागद धरावा असं कुठेही नाही."

"धरू नये असं तरी कुठे आहे?"

"बाई, तुम्ही मला नियम शिकवू नका."

डॉक्टरबाई काहीतरी बोलू पाहत होती. साहेबांनी तिला हातानं थांबवलं, उठले, आणि तिला घेऊन काचेच्या खोलीत गेले. दार लावलं. नीट ओढून लावलं, कडी बसली की नाही तेही पाहिलं.

आणि मग बोलू लागले. दिव्याखाली, काचेपलीकडे, भोंगामावशीच्या अगदी समोर तोंड करून. डॉक्टरबाईही शेजारीच, तिचेही ओठ दिसत होते.

चाळीस मागांवरून लग्नाची मागणी वाचलेली बाई ती. इथे तर मध्ये वीस पावलंही नव्हती. मावशीनं डोळे दोघांच्या ओठांवर ठेवले आणि चेहरा बाकांकडे थोडासा वळवून आपले ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज नाही. फक्त ओठ, जबडा, भुवया, शेडमधल्यासारखं. बाकांवरची साठ माणसं एकदम ताठ बसली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत एवढं मोठं बोलत होतं. कारकुनाला वाटलं, म्हातारीचा जबडा दुखतोय.

साहेब दहाएक मिनिटांनी बाहेर आले. मावशी उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, आणि आता मात्र आवाजानं, "आत तुम्ही म्हणालात, या महिनाअखेर हा आकडा वीसच्या आत आला पाहिजे. डॉक्टरबाई म्हणाल्या, पण ते म्हणतायत त्यात तथ्य असेल तर? तुम्ही म्हणालात, तथ्य बघायला आपल्याला बसवलेलं नाही. मग म्हणालात, या भोंग्यापासून सुरुवात करा, ही पडली की बाकीचे आपोआप पडतील. भोंगा म्हणालात. माझं नाव तुमच्यापर्यंत पोचलंय, बरं वाटलं. आणि शेवटी म्हणालात, डोकं उठलंय, चहा मागवा, बिनसाखरेचा."

साहेबांचा चेहरा पार उतरला. ते दाराकडे वळले, दार उघडून बघितलं, लावून बघितलं. मग कारकुनाला म्हणाले, "बाहेर आवाज येतो का रे?"

"नाही साहेब," कारकून म्हणाला. "मी काचेला टेकूनच बसलोय. मला एक अक्षर ऐकू आलं नाही." आणि जरा थांबून त्यानं विचारलं, "चहा खरंच सांगू का?"

बाकांवरून हशा फुटला. आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसलेली साठ माणसं हसली की काय होतं, ते त्या हॉलनं त्या दिवशी पाहिलं.

डॉक्टरबाई हसली नाही. ती टेबलाशी आली, बसली आणि तिनं नोंदवही उचलून आपल्या तोंडापुढे धरली. वहीच्या वरून तिचे डोळे मावशीकडे बघत होते. ती काहीतरी विचारत होती.

"आता मला काही कळत नाही," मावशी म्हणाली. "पण मला नका विचारू. मी आज तयारीनं आलेय, साहेब म्हणतील पढवलेली आहे. हिला विचारा." तिनं ब्लाऊजमधून तो घडी घातलेला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि कांडीवालीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "हिला तुम्ही खोटी म्हणालात. हिला खोटं जमत नाही, हे तुम्हीच बघा."

कांडीवाली घाबरली होती. समोर वही होती, वहीमागे तोंड होतं, आणि ते तोंड दिसत नव्हतं. डॉक्टरबाईनं काहीतरी विचारलं. कांडीवालीनं वहीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला अशा वेळी लाज वाटते. समोरच्याला पुन्हा विचारायला लावणं त्याला जड जातं. कांडीवाली ओशाळी हसली, मान हलवली आणि म्हणाली, "हो."

मावशीला वाटलं, विचारलं असणार 'ऐकू येतं का,' आणि ही वेडी हो म्हणून बसली. गेलं सगळं. साहेबांनी विजयानं मान वर केली.

डॉक्टरबाईनं वही खाली घेतली. तिचे डोळे भरले होते. "मी विचारलं," ती साहेबांना म्हणाली, "तुमचं नाव काय?"

कांडीवाली आता ओठ दिसल्यामुळे खुलली आणि तिनं आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आनंदानं सांगितलं.

"शिकवून आणलंय," साहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. "मला वरिष्ठांशी बोलावं लागेल. तोवर कुठल्याही कागदावर काही लिहू नका."

ते काचेच्या खोलीत गेले. दार लावलं. फोन उचलला, आकडे दाबले, कानाला लावला. आणि बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर काचेबाहेर गेली. बाहेर बाकांवरची साठ माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कुणी हललं नाही. साहेब थबकले. त्यांनी ओठ मिटले. मग सावकाश, फोन कानाला धरूनच, त्यांनी वस्तीकडे पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

"बघितलंत ना, डॉक्टरबाई?" भोंगामावशी म्हणाली. ती ओरडत नव्हती, तरी ते खिडक्यांबाहेर रस्त्यापर्यंत गेलं असणार. "दार बंद, काच बंद. तुमच्या या कारकुनाचे कान तरुण आहेत, त्याला आतलं अक्षर ऐकू येत नाही. मग साहेबांनी पाठ कुणाला केली? काच बंद असताना ऐकणाऱ्याला कुणी पाठ करतं का? आम्ही डोळ्यांनी ऐकतो हे साहेबांना मान्य आहे. आता तुम्ही लिहा."

डॉक्टरबाईनं पेन घेतलं. कांडीवालीच्या कागदावर तिनं आधीची ओळ खोडली, खोटेपणाच्या संशयाची तर दोन वेळा खोडली, आणि लिहिलं: श्रवण अत्यंत कमी. ओठ वाचून समजते. यापुढे या वस्तीतील सर्व तपासण्या तोंड झाकून कराव्यात. खाली सही केली. कानांचा निकाल डॉक्टरचा. साहेबांनी फक्त दुसरी सही करायची, असाही एक नियम साहेबांच्या नियमांच्या वहीत होता, आणि तो पानाला खूण घालून तिनं उघडून ठेवला.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांनी तो कागद वाचला, नियम वाचला, आणि मग हळूच मावशीला म्हणाले, "बाई, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? आता साठच नाहीत. सगळ्या कारखान्यांतली माणसं येतील. ही रेघ कुठे जाईल?"

त्यांनी हे हळू म्हटलं खरं, पण तोंड समोर होतं.

"जाऊ दे वर," मावशी म्हणाली. "आम्ही वीस वर्षांपूर्वीच बहिरे झालो होतो, साहेब. तुमची रेघ आत्ता पोचली. आता तिला खाली ओढू नका. सही करा."

साहेबांनी खिसा चाचपला, टेबलावर शोधलं, पेन काही मिळेना. डॉक्टरबाईनं तिचं पुढे केलं. भोंगामावशी मात्र हलली नाही. सही पूर्ण होऊन शिक्का बसेपर्यंत ती त्यांच्या हाताकडे बघत तिथेच उभी राहिली, आणि कागद उचलून कांडीवालीच्या हातात दिल्यावरच म्हणाली, "चला, पुढचा कोण आहे?"